कोटिंग कुठे थांबवायचं? हाड राखणाऱ्या खुब्याच्या स्टेमची रचना, पायरीपायरीनं

फर्मागुढी, वेर्णा, झुआरीनगर, कुंकळ्ळी इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी खुब्याचं इम्प्लांट घेतलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: कोटिंग कशाचं द्यायचं आणि किती जाड? माझ्या मते हा प्रश्न बराच पुढचा आहे. आधी ठरवायला हवं ते हे, की माणसाचा भार स्टेममधून (मांडीच्या हाडाच्या नळीत बसवलेल्या धातूच्या दांड्यातून) हाडात कोणत्या जागी उतरावा. कोटिंग जिथे असेल तिथे हाड धातूला चिकटतं आणि जिथे चिकटतं तिथूनच भार हाडात जातो. म्हणून कोटिंगची हद्द आणि स्टेमचा ताठपणा हे दोन वेगळे निर्णय मानू नयेत. ते एकत्रच घ्यावे लागतात, आणि खाली दिलेला सगळा क्रम त्यासाठीच आहे.

हा लेख यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत बसायला तयार असलेल्या तरुण अस्थिरोग डॉक्टरांसाठी आहे. दोघांपैकी एकानंच काम केलं तर ते अर्धवट राहतं, असा माझा अनुभव आहे.

हाड कुठे आणि का जातं, ते आधी नीट समजून घ्या

स्टेमभोवतीचं हाड दोन अगदी वेगळ्या कारणांनी कमी होतं आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण स्ट्रेस शील्डिंग. हाड वापराप्रमाणे घडतं आणि झिजतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. स्टेम हाडापेक्षा कितीतरी ताठ असतो. पालखीच्या एका बाजूला उंच भोई असला की वजन त्याच्याच खांद्यावर येतं आणि शेजारचा नुसता हात लावून चालतो, तसं इथे होतं. भार धातू उचलतो, हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते हाड काढून टाकायला लागतं. मांडीच्या हाडाचा वरचा आतला भाग, म्हणजे कॅल्कार, सर्वांत आधी विरळ होतो. १९७९ मध्ये ग्रुएन आणि सहकाऱ्यांनी एक्स-रेवर स्टेमभोवतीचे सात विभाग आखून दिले. कॅल्कारचा विभाग त्यातला सातवा. आजही डॉक्टर याच आकड्यांत बोलतात, म्हणून ते तोंडपाठ करा.

दुसरं कारण झिजेचे कण. कपमधल्या (सांध्याच्या खोबणीत बसवलेल्या वाटीतल्या) पॉलिथिलीन प्लास्टिकचे सूक्ष्म कण सांध्याच्या द्रवातून स्टेमच्या कडेनं खाली झिरपतात. त्यांना गिळणाऱ्या पेशी चिडतात आणि हाड पोखरलं जातं. क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडून कमी झिजणारं केलेलं पॉलिथिलीन आल्यापासून हा त्रास खूप कमी झाला, पण रचनेतून त्याला वाट करून देणं आजही चूकच आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्ट्रेस शील्डिंगमुळे विरळ झालेलं हाड बहुतेकदा दुखत नाही. रुग्ण वर्षानुवर्षं नीट चालतो. प्रश्न उभा राहतो तो पडल्यावर स्टेमभोवती हाड मोडलं तर, किंवा स्टेम बदलायची वेळ आली आणि नवा बसवायला वरचं हाडच उरलं नाही तर. भारतात खुबा बदलून घेणाऱ्यांत रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचं डोकं सडलेले तरुण रुग्ण बरेच असतात. पस्तिशीतल्या माणसाला उरलेल्या आयुष्यात दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता मोठी. त्याच्यासाठी आज राखलेलं हाड म्हणजे तेव्हाचा आधार.

संगणक उघडण्याआधी कागदावर हिशेब करा

सॉफ्टवेअरमध्ये रंगीत चित्रं येण्यापूर्वी अर्ध्या पानाचा हिशेब प्रत्येकानं हातानं करावा, असा माझा आग्रह आहे. मांडीच्या हाडाचा मधला भाग नळी धरा: बाहेरचा व्यास २८ मिमी, आतला १४ मिमी. नळीत १४ मिमी जाडीचा भरीव स्टेम घट्ट बसलेला. टणक हाडाचा लवचिकता गुणांक १७ गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूचा (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) ११०, कोबाल्ट-क्रोमचा सुमारे २२०.

वाकण्याचा ताठपणा काढला तर हाडाचा सुमारे ४८० न्यूटन-मीटर² येतो, टायटॅनियम स्टेमचा २०७ आणि कोबाल्ट-क्रोमचा ४१५. म्हणजे वाकवणाऱ्या भारातला ३० टक्के हिस्सा टायटॅनियम घेतो, कोबाल्ट-क्रोम ४६ टक्के. इथवर परिस्थिती बरी वाटते. आता उभ्या दाबाचा हिशेब करा. तिथे टायटॅनियम ६८ टक्के भार घेतो आणि कोबाल्ट-क्रोम ८१ टक्के. हाडाच्या वाट्याला उरतात ३२ आणि १९ टक्के. शस्त्रक्रियेआधी तेच हाड पूर्ण १०० टक्के उचलत होतं.

मग व्यास बदलून पाहा. वाकण्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १४ मिमीऐवजी १८ मिमीचा स्टेम घेतला की टायटॅनियमचा ताठपणा २.७ पट होतो. नळी १८ मिमी रुंद झालेल्या पातळ हाडात त्याचा हिस्सा ३० वरून ५७ टक्क्यांवर जातो. वयस्क बाईच्या हाडाची नळी रुंद आणि भिंत पातळ असते. तिला मोठा स्टेम लागतो आणि मोठा स्टेम आधीच कमी असलेल्या हाडाचं काम काढून घेतो. एंग आणि बोबिन यांनी १९८८ मध्ये सच्छिद्र कोटिंगच्या कोबाल्ट-क्रोम स्टेमांचे एक्स-रे तपासून हेच दाखवलं: १३.५ मिमी किंवा त्याहून जाड स्टेमांभोवती हाडाची ठळक झीज सुमारे पाच पट जास्त वेळा दिसली. धातू कोणता यावर वाद घालणाऱ्यांनी आधी जाडीकडे पाहावं.

कोणासाठी बनवताय, ते लिहून ठेवा

स्टेमच्या बऱ्याच आकारमालिका पाश्चात्त्य हाडांच्या मापांवर बेतलेल्या आहेत आणि आपली हाडं सरासरीनं लहान असतात. त्यामुळे मापं पुस्तकातून उचलू नका. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या अस्थिरोग विभागाशी रीतसर बोला, नैतिकता समितीची परवानगी घ्या आणि ओळख पुसलेले सीटी स्कॅन मिळवा. प्रत्येक हाडाची डॉर वर्गवारी करा: अ प्रकारात भिंत जाड आणि नळी खाली झपाट्यानं निमुळती, क प्रकारात भिंत पातळ आणि नळी सरळ रुंद, ब मधला. अ प्रकारात स्टेम खालच्या अरुंद भागात आधी अडकतो, वरचा भाग सैल राहतो आणि भार थेट खाली जातो. तिथे कितीही उत्तम कोटिंग वर दिलं तरी ते हाडाला टेकतच नाही.

भारासाठी बर्लिनच्या बर्गमान यांच्या गटाचे आकडे वापरा. त्यांनी रुग्णांच्या इम्प्लांटमध्येच संवेदक बसवून बळं मोजली आणि ती ऑर्थोलोड या नावानं सर्वांसाठी खुली आहेत. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट बळ येतं. ६० किलोच्या माणसाला जवळपास १५०० न्यूटन. ठेच लागून तोल गेला तर ते आठ पटींच्या वर गेल्याची नोंद आहे. पायऱ्या चढताना आकडा फारसा वाढत नाही, पण स्टेमला पिळणारं बळ वाढतं आणि नव्या स्टेमला हलवणारं खरं बळ तेच. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, बाजारात पाटावर बसून मासळी विकणं, देवळात मांडी घालून बसणं, माडावर चढणं: आपल्याकडच्या माणसाच्या हालचाली यादीत घालायला विसरू नका. बर्लिनच्या माहितीत त्या नसणार. त्यासाठी वाकण्याचे आणि वळण्याचे कोन वाढवून वेगळा भार-प्रसंग तयार करावा लागेल.

कोटिंगची हद्द ठरवा: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

तीन पर्याय आहेत. स्टेम पूर्ण लांबीभर कोटिंगचा, फक्त वरच्या तिसऱ्या हिश्शात, किंवा मधला मार्ग.

पूर्ण कोटिंगचा स्टेम घट्ट धरतो, यात शंका नाही. पण हाड खालच्या टोकाजवळही चिकटतं आणि ताठ धातू भार खालपर्यंत नेऊन तिथेच हाडात सोडतो. वरचं हाड रिकामं बसतं. वरच कोटिंग दिलं आणि खालचा भाग गुळगुळीत ठेवला तर भार वरूनच हाडात उतरतो, कॅल्कारला काम मिळतं. गुळगुळीत टोक नळीत घसरू शकतं, म्हणून उभा भार तिथे उतरत नाही. वाकवणारा भार मात्र टोकाच्या बाजूच्या स्पर्शातून जातोच, तेव्हा टोक बारीक आणि निमुळतं करून हाडापासून सुटं ठेवा.

मग लवचीक धातू घेतला की प्रश्नच मिटला, असं वाटेल. इतिहास तसं सांगत नाही. १९७० च्या दशकात युरोपात हाडाइतके लवचीक, प्लास्टिकचं आवरण असलेले स्टेम वापरात आले. कल्पना सुंदर होती, पण ते मोठ्या प्रमाणात सैल झाले. कारण नेदरलँड्सच्या रिक हुइस्केस यांच्या गणितांतून पुढे स्पष्ट झालं: स्टेम जितका लवचीक, तितका तो सगळा भार वरच्या थोड्याशा जागेत एकदम सोडतो आणि त्या जागी हाड-धातूच्या सीमेवरचा ताण वाढतो. नुकताच बसवलेला स्टेम तो ताण झेलू शकत नाही आणि हलतो. स्टेम ताठ केला तर हाड जातं, लवचीक केला तर पकड जाते.

पुढे १९९० च्या दशकात कोबाल्ट-क्रोमचा बारीक गाभा, भोवती पॉलिमर आणि बाहेरून टायटॅनियमच्या तारांची जाळी असा लवचीक स्टेम आला. त्यात जाळी जवळपास पूर्ण लांबीभर होती. तो घट्ट बसला आणि हाडही जास्त टिकलं. कारण उघड आहे: लवचीक स्टेमला भार सोडायला मोठी जागा मिळाली. म्हणून नियम असा बांधा: स्टेम ताठ असेल तर कोटिंग आखूड आणि वर, स्टेम लवचीक असेल तर कोटिंग लांब. ताठ आणि पूर्ण कोटिंग ही जोडगोळी हाडाला सर्वांत वाईट. तरी ते बाद करू नका. दुसऱ्या शस्त्रक्रियेत वरचं हाड उरलेलंच नसतं, तेव्हा खाली धरणारा असा स्टेमच कामी येतो.

माझा कल सांगतो. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी, अ आणि ब प्रकारच्या हाडांत, टायटॅनियमचा निमुळता स्टेम, वरच्या तिसऱ्या हिश्शात कोटिंग, त्याखाली हळूहळू कमी होत जाणारा खडबडीतपणा आणि शेवटी गुळगुळीत टोक, इथून सुरुवात करा. कोटिंगची रेषा एकदम तोडू नका. जिथे ती अचानक संपते तिथे हाडात भाराची उडी येते आणि त्याच जागी धातूत खाचेचा परिणामही होतो.

एक अट मात्र कधीच सोडू नका: वरचं कोटिंग स्टेमला चहूबाजूंनी वेढणारं हवं. १९८० च्या दशकात काही स्टेमांवर कोटिंग फक्त पुढच्या-मागच्या चौकोनी तुकड्यांत दिलेलं होतं. मधल्या गुळगुळीत पट्ट्यांवर हाड चिकटलं नाही आणि झिजेचे कण त्याच वाटेनं टोकापर्यंत उतरून हाड पोखरू लागले. पूर्ण वेढा ही वाट वरच बंद करतो.

आता कोटिंग कशाचं, ते ठरवा

सच्छिद्र थरात हाड आत वाढतं. त्यासाठी छिद्रं साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची आणि एकमेकांना जोडलेली हवीत. असा थर धातूच्या बारीक मण्यांचा करतात; टायटॅनियमवर ते मणी चिकटवायला भट्टीत तापवलं तर सुमारे ९९५ अंश सेल्सिअसच्या वर त्याची अंतर्गत रचना बदलते, आणि मण्यांच्या मुळाशी खाचा तयार होऊन थकवा सोसण्याची ताकद बरीच घटते. त्यामुळे टायटॅनियमवर प्लाझ्मा फवारणी (अतितप्त वायूच्या ज्वाळेतून पावडर वितळवून मारणं) बरी. तरीही स्टेमच्या बाहेरच्या, ताण येणाऱ्या बाजूवर कोटिंग फार खाली उतरवू नका.

हायड्रॉक्सिॲपेटाइट हे हाडातल्याच खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट. लंडनच्या रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये त्याचं पूर्ण कोटिंग असलेला स्टेम रुग्णांत वापरायला सुरुवात केली. ते हाडाला लवकर बोलावतं आणि लहानशी फट भरून काढायला मदत करतं. जाडी साधारण ५० ते १५० मायक्रॉन ठेवा. जाड थर सोलून निघण्याचा धोका असतो, पातळ थर लवकर विरघळतो. प्लाझ्माच्या ज्वाळेत त्याचा काही भाग काचेसारखा अस्फटिक होतो, काही ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये मोडतो. हे दोन्ही भाग शरीरात जास्त विरघळतात. म्हणून फवारणीनंतर क्ष-किरण विवर्तनानं स्फटिकता तपासल्याशिवाय नमुना स्वीकारू नका. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १.६७ हवं. फवारणीआधी धातूवर ॲल्युमिनाचे कण मारून पृष्ठभाग खडबडीत करतात. ते कण धातूत रुतून राहतात, तेव्हा स्वच्छतेची खातरी सूक्ष्मदर्शकाखालीच करा.

कोकणपट्टीतल्या दमट हवेचाही विचार करा. पावडर ओलावा धरते, गुठळ्या होतात, फवारणी अडखळते आणि थराची जाडी कमी-जास्त होते. पावडर बंद डब्यात ठेवून वापरण्याआधी ओव्हनमध्ये वाळवा आणि त्या दिवसाची आर्द्रता नोंदवहीत लिहा.

तिसऱ्या या खाडीतल्या खाद्य जिवांच्या शिंपल्यांपासून हायड्रॉक्सिॲपेटाइट बनवता येतं. शिंपल्या सुमारे ९०० अंशांवर भाजून मिळालेला चुना पाण्यात विझवायचा, मग फॉस्फोरिक आम्ल थेंबथेंब घालत सामू १० च्या आसपास राखायचा. गोव्यातल्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग आवडतो आणि प्रयोगशाळेत तो जरूर करावा. पण ती पावडर इम्प्लांटवर वापरण्याजोगी ठरायला आर्सेनिक, कॅडमियम, पारा आणि शिसं यांच्या कडक मर्यादा पाळाव्या लागतात. आर्सेनिकची मर्यादा दशलक्षांत ३ भाग इतकी कमी आहे. खाडीच्या गाळात वाढलेल्या शिंपल्यांबद्दल गृहीत काहीच धरू नका.

कोटिंगची जाडी मापांत धरायला फार जण विसरतात. एका बाजूला अर्धा मिमी टायटॅनियमचा थर आणि त्यावर १५० मायक्रॉन हायड्रॉक्सिॲपेटाइट म्हणजे स्टेमची रुंदी १.३ मिमीनं वाढली. डॉक्टर ज्या रास्पनं हाडात जागा करतात, तिचं माप याच्याशी जुळलं नाही तर स्टेम ठोकताना हाड तडकेल किंवा स्टेम सैल बसेल.

संगणकावर दोन वेगवेगळे दिवस तपासा

बहुतेक प्रकल्पांत स्टेम आणि हाड एकदम चिकटलेले धरून एकच मॉडेल चालवतात. हे अपुरं आहे. पहिला दिवस वेगळा आणि दोन वर्षांनंतरचा दिवस वेगळा.

पहिल्या दिवशी काहीच चिकटलेलं नसतं. सगळ्या सीमेवर घर्षणाचा स्पर्श द्या, पायऱ्या चढण्याचा भार लावा आणि कोटिंगच्या जागी स्टेम हाडाच्या तुलनेत किती सरकतो ते पाहा. सरकणं साधारण ५० मायक्रॉनच्या आत असेल तर हाड चिकटण्याची आशा धरता येते. १५० मायक्रॉनच्या पुढे गेलं की हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो आणि कोटिंग वाया जातं. ही परीक्षा नापास झालेली रचना पुढे नेऊच नका, तिच्यात हाड कितीही छान राखलेलं दिसत असलं तरी.

नंतरच्या दिवसासाठी कोटिंगचा भाग चिकटलेला, बाकीचा घर्षणाचा धरा. सीटीवरच्या घनतेवरून हाडाच्या प्रत्येक घटकाला त्याचा गुणांक द्या. तेच हाड स्टेमशिवाय त्याच भाराखाली चालवा. मग प्रत्येक जागी दर ग्रॅम हाडामागची विकृती-ऊर्जा (भारानं आकार बदलताना हाडात साठणारी ऊर्जा) दोन्ही मॉडेलांत ताडून पाहा. हुइस्केस यांच्या पद्धतीत मूळ मूल्याच्या आसपास एक सुस्त पट्टा ठेवतात, कारण थोड्याशा फरकाला हाड दाद देत नाही. ऊर्जा त्या पट्ट्याखाली गेली तरच हाड कमी करा आणि मॉडेल पुन्हा चालवा. निकाल ग्रुएनच्या सात विभागांत मांडा, म्हणजे डॉक्टरांना तो वाचता येईल. कोटिंगची हद्द दहा-दहा मिमीनं खालीवर करून हाच खेळ पुन्हा करा. सातव्या विभागातलं हाड आणि पहिल्या दिवसाचं सरकणं एकाच आलेखावर मांडलंत की तुमच्या रचनेची खरी किंमत दिसेल.

संगणकावर विश्वास ठेवण्याआधी कृत्रिम मांडीच्या हाडावर स्ट्रेन गेज (पृष्ठभाग किती ताणला-दबला ते मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवून आकडे ताडून घ्या. कॅल्कारजवळ निदान तीन गेज हवेत.

मोडेपर्यंत तपासा

थकव्याच्या चाचणीला आयएसओ ७२०६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा चौथा भाग लागतो: स्टेम १० अंश बाजूला आणि ९ अंश पुढे कललेला, वरचा भाग आधाराविना उघडा, २३०० न्यूटनपर्यंत भार आणि ५० लाख आवर्तनं. वरचं हाड झिजून गेलंय आणि स्टेम फक्त खालून धरलेला आहे, अशी ही वाईट परिस्थिती आहे. सेकंदाला १० आवर्तनांनी चाचणीला जवळपास सहा दिवस लागतात, तेव्हा पावसाळ्यात वीज गेल्यावर यंत्र सुरक्षित थांबेल अशी सोय आधी करा. मानेसाठी सहावा भाग ५३४० न्यूटन आणि १ कोटी आवर्तनं मागतो. नमुना कोटिंगसकटच तपासा. नुसता धातू पास झाला याला अर्थ नाही, कारण तडा कोटिंगच्या मुळातूनच सुरू होतो. हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या थराची पकड ओढून तपासतात आणि ती किमान १५ मेगापास्कल असावी लागते.

पुढे रुग्णापर्यंत जायचं तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. खुब्याचं इम्प्लांट क वर्गात येतं आणि परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून घ्यावा लागतो. आयएसओ १०९९३ च्या जैविक चाचण्या त्याच वाटेवर आहेत. विद्यार्थी-प्रकल्प इथवर पोहोचत नाही, पण नोंदी पहिल्या दिवसापासून त्या शिस्तीनं ठेवा. नंतर त्या नव्यानं उभ्या करता येत नाहीत.

हाड राहिलं का, ते मोजा

साध्या एक्स-रेवर हाडाची घट बरीच झाल्यावरच डोळ्याला दिसते. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनवर ती खूप आधी कळते. तुलनेचा पाया शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतला स्कॅन असायला हवा. शस्त्रक्रियेआधीचा स्कॅन इथे चालत नाही, कारण रास्पनं काढलेलं हाड त्यात अजून असतं. पुढे सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षं. बहुतेक घट या काळातच होते, मग वेग मंदावतो. पाय आत-बाहेर वळला की सातव्या विभागाचा आकडा हाड न बदलताही बदलतो. म्हणून पावलाला आधार देणारी चौकट वापरा, प्रत्येक वेळी तीच आणि त्याच कोनात. तंत्रज्ञाला हे लिहून द्या, आणि शक्य असेल तर पहिल्या रुग्णांच्या स्कॅनच्या वेळी स्वतः तिथे हजर राहा.